मदत हवी आहे: अपूर्णांकाचा पाठ, सगळ्यांना एकत्र

खडूवाली:
गुरुवारपर्यंत हवंय. वर्गातल्या तिघांसाठी रोज वेगळ्या कार्यपत्रिका काढते, रात्रीचे अकरा वाजतात, तरी तिघं मागेच. सगळ्यांना एकत्र बसवून घेता येईल असा पाठ कुणाकडे आहे का? प्रोजेक्टर बंद आहे.

सह्याद्री_गुरुजी:
इयत्ता? पट? आणि तिघांना नेमकं काय होतं?

ठाण्याची_आई:
आधी प्रमाणपत्र काढा! माझ्या लेकाला डिस्लेक्सिया आहे. दहावीला जादा वेळ मिळतो, लेखनिकही मिळतो. हेलपाटे पडतात, पण सोडू नका.

खडूवाली:
ताई, चौथी आहे हो. चौथी-पाचवी एकत्र, २७ मुलं. एकाला कमी ऐकू येतं, मशीन आहे. एक मुलगी दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली, आत्ता परत आली. तिसऱ्याला वाचता येत नाही, पण बापाच्या किराणा दुकानात हिशेबाला चुकत नाही.

डिजिटल_दादा:
टॅब घ्या. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत, दीक्षा ॲपवर व्हिडिओ सापडतील.

सह्याद्री_गुरुजी:
दादा, ज्याला ऐकू येत नाही त्याला व्हिडिओ?

निवृत्त_केंद्रप्रमुख:
आमच्या वेळी साठचा पट होता. पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊणचे पाढे पाठ करून घ्यायचो. अपूर्णांक कुणाला अडला नाही. आणि ऐकू न येणाऱ्याला कर्णबधिर शाळेत पाठवा, तिथे तज्ज्ञ असतात.

विशेष_शिक्षिका:
सर, तुमच्या वेळी ही मुलं वर्गात नव्हतीच, मग अडणार कुणाला? २०१६ च्या कायद्याने दिव्यांग मुलाला सगळ्यांबरोबर शिकायचा हक्क आहे.
खडूवाली, मशीन कानात असतं की दप्तरात? सेल तपासलात? फळ्याकडे तोंड करून बोलत असाल तर त्याला तुमचे ओठ दिसत नाहीत.
आणि तीन-तीन कार्यपत्रिका बंद करा. उतार व्हीलचेअरसाठी बांधतात, पण त्यावरून सायकलही जाते आणि तांदळाची गोणीही. यूडीएल (युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग) म्हणतात ते हेच, अमेरिकेतल्या कास्ट या संस्थेने मांडलेलं. पाठ एकच, वाटा दोन-चार. तराजू आणा. पाव किलोच्या तीन पुड्या टाकल्या की पाऊण. कुणी तोलून दाखवेल, कुणी कागदाची पट्टी दुमडेल, कुणी लिहील. कुणी काय करायचं ते मुलांनाच ठरवू द्या. वाचता न येणाऱ्याला तोंडी सांगू द्या, अपूर्णांक तपासताय, वाचन नाही.

बीडवाला:
ऊसतोडीच्या पोरीला अर्धा शिकवायला नको. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्यावरच ठरते.

विशेष_शिक्षिका:
खरंय. पण वर्गात तिला ते सांगायला उभं करू नका. स्वतःहून म्हणाली तर म्हणू द्या.

सह्याद्री_गुरुजी:
एवढं सगळं करायला वेळ आहे कुणाला? आमच्याकडे आत्ता मतदार यादीचं काम.

डिजिटल_दादा:
त्याचंही आता ॲप आलंय.

सह्याद्री_गुरुजी:
तेच तर.

खडूवाली:
झाला पाठ. किराणावाल्या पोराने तराजू उचलला आणि म्हणाला, "बाई, पाऊण म्हणजे तीन पाव, मग दीड म्हणजे सहा ना?" वर्ग गप्प. मग एकाने बोटं मोजली. पाचवीवाले आपला गुणाकार सोडून बघत बसले, त्यांचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.
केंद्रप्रमुख सर, पावकी फळ्यावर लिहिली होती. तराजूनंतर.
मशीन दप्तरातच सापडलं, फडक्यात गुंडाळलेलं. सेल संपून किती दिवस झाले ते घरीही कुणाला माहीत नाही. तालुक्याच्या घड्याळवाल्याकडे तो सेल नाही. कुठे मिळेल?

निवृत्त_केंद्रप्रमुख:
तराजूनंतर का होईना.

विशेष_शिक्षिका:
कोणत्या मापाचा सेल? १३ की ६७५? जुन्या सेलवर किंवा त्याच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, बघून सांगा.