मदत हवी आहे: सूत्री विभाजनात गुणसूत्रं मोजायची कशी?

नमस्कार. आम्ही अर्धापूरकडचे, जिल्हा नांदेड. धाकटी बहीण दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती, यंदा अकरावीला लातूरला नीटची तयारी करतेय. काल रात्री फोनवर रडली. सूत्री विभाजनाच्या, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याच्या, अवस्था तिला पाठ आहेत. पूर्वावस्था म्हणजे प्रोफेज, मध्यावस्था म्हणजे मेटाफेज, पश्चावस्था ॲनाफेज, अंत्यावस्था टेलोफेज, हे मीच तिला जुळवून दिलं. पश्चावस्थेत टोकांकडं ओढली जाणारी गुणसूत्रं केळीच्या घडासारखी दिसतात, हे तर ती कधीच विसरणार नाही. दारातच केळी आहे आमच्या.

अडतंय आकड्यांपाशी. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं 46. विभाजनाआधीच डीएनएची प्रत तयार होते. मग पूर्वावस्थेत 92 व्हायला पाहिजेत ना? तिथं 46च. आणि पश्चावस्थेत नवीन काहीच तयार होत नाही, तरी 92! सराव परीक्षेत तिनं उलटं लिहिलं. क्लासमध्ये विचारलं तर पाठ कर म्हणाले. न कळता पाठ करायला लावणं मला पटत नाही, पण माझं विज्ञान दहावीलाच सुटलं. कुणी सोपं करून सांगेल का?

उत्तर
ताई, बहिणीचा प्रश्न अगदी बरोबर जागेवरचा आहे. मी परभणीला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचो, दरवर्षी निम्मा वर्ग इथंच अडायचा.

घरात शिवणाचा डबा असेल तर टिचबटणं काढा. एका दोऱ्याच्या मधोमध बटणाचा एक भाग शिवा, तेवढ्याच दुसऱ्या दोऱ्याला दुसरा भाग. टिच करून लावलं की दोरे दोन, पण बटण एक. हे झालं पूर्वावस्थेतलं गुणसूत्र: दोन अर्धगुणसूत्रं, गुणसूत्रबिंदू एक. गुणसूत्रं मोजताना दोरे मोजायचे नाहीत, बटणं मोजायची. म्हणून डीएनए दुप्पट होऊनही आकडा 46च राहतो.

मध्यावस्थेत ही सगळी बटणं पेशीच्या मधोमध एका ओळीत येतात, दोन्ही बाजूंनी तुर्कतंतू, म्हणजे गुणसूत्रं ओढणारे धागे, जोडलेले. पश्चावस्थेत बटण उघडतं. आता प्रत्येक दोऱ्याला स्वतःचा बिंदू आहे, म्हणजे तो स्वतंत्र गुणसूत्र झाला. 46 ची 92 झाली. डीएनए मात्र तेवढाच आहे, वाढला तो आधीच, प्रत तयार होताना.

सुट्टीत ती घरी आली की हे प्रत्यक्ष बघायला कांदा पाण्याच्या ग्लासवर ठेवा, मुळं फुटू द्या. मुळाचं टोकच घ्यायचं, दोन-तीन मिलिमीटर. पेशी तिथंच जोरात विभागतात. शाळेची सूक्ष्मदर्शी मिळाली तर फार चांगलं.

धागाकर्ती
सर, मनापासून आभार. आईच्या डब्यातली चार टिचबटणं शिवून व्हिडिओ कॉलवर दाखवली. तिसरं उघडलं तेव्हा तीच ओरडली, "अगं, म्हणजे मी दोरे मोजत होते!" आता विचारतेय, कांद्यात 16 गुणसूत्रं, तर पश्चावस्थेत 32, आणि अंत्यावस्थेत परत 16 का?

उत्तर
32 बरोबर. अंत्यावस्थेत जरा थांबायला सांगा. प्रत्येक नव्या केंद्रकात 16, पण पेशी अजून एकच असेल तर त्या पेशीत 32च. परिकलविभाजन, म्हणजे केंद्रकाबाहेरच्या पेशीद्रव्याची वाटणी, अजून व्हायचं असतं. कांद्यात मधोमध पेशीपट्टी तयार होऊन भिंत उभी राहिली की मगच प्रत्येक पेशीत 16.