ताईने देवघर बंद केलंय, तिच्याशी काय बोलू?

सायली_नाशिक:
माझ्या ताईचा मुलगा फेब्रुवारीत गेला. डीएमडी होता त्याला (स्नायू हळूहळू निकामी होतात तो आजार), १७ वर्षांचा होता. व्हीलचेअर, फिजिओ, बायपॅप (श्वासाला मदत करणारं मशीन), रात्रीतून उठून कूस बदलायची, सगळं ताईनेच केलं, नोकरी सोडून. अजूनही रात्री दोनला आपोआप जाग येते म्हणते आणि मग झोपच नाही. भेटायला येणारे म्हणतात सुटला बिचारा, तूही मोकळी झालीस. सासरचे माळकरी, रोज हरिपाठ असतो, पण ताईने देवघराचं दार लावून घेतलंय, देवाचं तोंड बघायचं नाही म्हणते. सासूबाईंचं चालू, प्रारब्ध आहे, घरात दिवा लागलाच पाहिजे. नणंद त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करा म्हणून मागे लागलीय. मी मध्येच अडकलेय, कुणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

तुळसमाळ:
माळ मीपण घातलीय म्हणून लिहिते. देवावर चिडणं वारकऱ्यांना नवीन नाही हो. जनाबाईने विठोबाला कारट्या म्हणून शिव्या घातल्यात. तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा दुष्काळात गेले, आणि त्यांच्याही अभंगात माझ्या लेखी देव मेला असं सरळ आहे. दिवा सासूबाईंनी लावावा ना, ताईनेच का? हरिपाठ बाहेरच्या खोलीत होऊ दे, ताईला वाटलं तर येऊन बसेल नाहीतर नाही. आणि प्रारब्ध हा शब्द तिच्यासमोर अजिबात नको.

मोगरा:
+१. त्यात डीएमडीचं अजून एक असतं, जीनमधला दोष बऱ्याचदा आईकडून मुलाकडे येतो (साधारण एक तृतीयांश मुलांत तो नव्यानेच झालेला असतो). म्हणजे 'माझ्यामुळे' हे ताईच्या डोक्यात रिपोर्ट आला तेव्हापासूनच असणार, त्यावर तुम्ही परत प्रारब्ध आणि नागबळी टाकताय. तो तीन दिवसांचा विधी आहे, तिला स्वतःला करावासा वाटला तर जरूर करा, पण नाही केला तर काहीतरी होईल या भीतीने नको.
माझी मुलगीपण बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती. ती गेल्यावर पहिल्यांदा सलग झोप लागली तर उठून स्वतःचीच लाज वाटली होती, हे मी कुणाला बोलले नव्हते. ताईलाही सुटका झाल्यासारखं वाटत असेल, पण ते तिने म्हणायचं, पाहुण्यांनी नाही. बायपॅप, व्हीलचेअर कुणाला देऊन टाकायची घाई करू नका, तिला विचारा.

विहारातली:
आमच्या विहारात किसा गौतमीची गोष्ट नेहमी सांगतात, मेलेलं बाळ घेऊन औषध मागत फिरते ती. बुद्ध म्हणतात ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मोहरी आण. सगळे शेवटी 'मरण कुणाला चुकलंय' यावर येतात, पण मला वाटतं तिचं काम त्या दारोदार फिरण्यातच झालं, प्रत्येक घरात कुणीतरी त्यांचं कोण गेलं ते सांगितलं असणार ना. बुद्धांनी तिला आधी उपदेश केला नाही. तुमच्या ताईला अशीच दुसरी आई भेटवता आली तर बघा, डीएमडीच्या पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात, तिथे मूल गेलेल्या आयाही असतात. आणि सहा महिन्यांनंतरही तीव्रता जराही कमी होत नसेल, खाणंपिणं सुटलं असेल तर डॉक्टरला दाखवाच. मरणाचं वगैरे बोलायला लागली तर तेवढंही थांबू नका. टेलिमानसचा (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ नंबर फ्री आहे, २४ तास, मराठीतही बोलतात.

सायली_नाशिक:
जीनचं माझ्या लक्षातच नव्हतं आलं, मागे एकदा ती 'मीच दिलं त्याला' असं म्हणाली होती, मी विषय बदलला होता. ती ज्या ग्रुपवर होती तो तिने सोडलाय, तिथल्या एका आईचा नंबर आहे माझ्याकडे, आज फोन करते. सासूबाईंना जनाबाईचं सांगून बघते, भडकतील बहुतेक :)