स्वतःच्या पैशाने विरोधकाचं नाव: कॅलिफोर्नियाची २०२४ ची सिनेट जागा

फ्रीमाँटकर:

फेब्रुवारी २०२४. आमच्या जेवणाच्या टेबलावर टपालाने आलेल्या चार मतपत्रिका होत्या. माझी, बायकोची, मुलीची आणि आईची. आईला नागरिकत्व मिळून वर्षही झालं नव्हतं. उभा जन्म कोल्हापुरात बोटाला शाई लावून घेतलेली बाई, इथे घरात बसून पेनाने गोल रंगवायचे म्हणून आधीच बिचकली होती. त्यात सिनेटच्या एका जागेसाठी सत्तावीस नावं. ती संपली की त्याच जागेसाठी पुन्हा एक छोटी यादी, आणि तिच्यात पुन्हा तीच माणसं. मी सांगितलं, एक मत जानेवारी २०२५ पासूनच्या सहा वर्षांसाठी आणि दुसरं मधल्या उरलेल्या आठवड्यांसाठी. ते तिच्या लक्षात आलं. मग म्हणाली, "हा गार्वी कोण रे? टीव्हीवर सारखं याचंच नाव." म्हटलं, रिपब्लिकन आहे, पूर्वी डॉजर्सकडून बेसबॉल खेळायचा. "मग जाहिरात त्याची?" नाही, जाहिरात ॲडम शिफची. डेमोक्रॅट. तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "स्वतःच्या पैशाने दुसऱ्याचं नाव कोण घेतं?"

त्या प्रश्नासाठी हा धागा.

ज्यांनी ही निवडणूक पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिनेटर डायॅन फाइनस्टाइन सप्टेंबर २०२३ मध्ये गेल्या. गव्हर्नर न्यूसम यांनी लाफोन्झा बटलर यांना नेमलं, आणि बटलर यांनी निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं. जागा मोकळी. रिंगणात मोठी नावं चार: शिफ, केटी पोर्टर, बार्बरा ली हे तिघे डेमोक्रॅट खासदार आणि रिपब्लिकन स्टीव्ह गार्वी. आपल्याकडे २०१० मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव १४ पासून पक्षांच्या वेगळ्या प्राथमिक फेऱ्या नाहीत. सगळे एकाच यादीत, कोणीही कोणालाही मत द्यावं, आणि पहिले दोघं नोव्हेंबरला जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात.

इथेच डाव आहे. नोव्हेंबरला पोर्टर समोर आल्या असत्या तर शिफना घाम फुटला असता. गार्वी आले तर प्रश्नच मिटला, कारण २००६ नंतर या राज्यात कोणताही रिपब्लिकन राज्यभराची निवडणूक जिंकलेला नाही. म्हणून शिफ आणि त्यांच्या पाठीराख्यांनी लाखो डॉलर ओतून जाहिराती केल्या: गार्वी फार उजवे आहेत, त्यांनी ट्रम्पना दोनदा मत दिलंय. ऐकायला टीका, पण रिपब्लिकन मतदाराच्या कानाला ती शिफारसच. गार्वींनी स्वतः टीव्हीवर जवळजवळ काही खर्च केलं नाही. जानेवारीत बर्कली विद्यापीठाच्या मतदार पाहणीत पोर्टर गार्वींच्या पुढे होत्या. ५ मार्चचा निकाल: शिफ ३१.६ टक्के, गार्वी ३१.५, पोर्टर १५.३, ली ९.८.

माझं म्हणणं असं की हे कायद्यात बसलं तरी बरोबर नव्हतं. चार कोटींच्या आसपास लोकवस्तीच्या राज्यात, सहा वर्षांच्या जागेची खरी निवड मार्चमध्ये सुमारे ३५ टक्के मतदानात उरकली. नोव्हेंबरला ७१ टक्के लोक आले तेव्हा निवडायला काही उरलंच नव्हतं.

खडीसाखर:

असहमत, आणि मी शिफ यांच्या प्रचाराचे फोन केलेत, तेव्हा आधीच सांगते कुठे उभी आहे.

जाहिरातीत एक तरी वाक्य खोटं होतं का? गार्वी रिपब्लिकन होते, ट्रम्पना मत दिल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं होतं. खरी माहिती मतदारांपुढे ठेवली हा गुन्हा कसा?

दुसरं, पोर्टर धुतल्या तांदळासारख्या नव्हत्या. एरिक अर्ली नावाचा दुसरा रिपब्लिकन वर यावा, गार्वींची मतं फुटावीत, म्हणून त्यांनीही जाहिराती आणि पत्रकं काढलीच. तो डाव चालला नाही, अर्लींना तीन-साडेतीन टक्के मिळाले. फसलेला डाव पवित्र आणि जमलेला पापी, असं कसं म्हणणार?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जुनी पद्धत असती तर काय झालं असतं? डेमोक्रॅटांतला पहिला आणि रिपब्लिकनांतला पहिला. शिफ आणि गार्वी. तुम्ही ज्या नोव्हेंबरबद्दल हळहळताय तोच नोव्हेंबर झाला असता, एकही जाहिरात न करता.

मेरिटकाठ:

मी ओकलंडची. बार्बरा ली माझ्या खासदार होत्या. २००१ मध्ये ११ सप्टेंबरनंतर युद्धाचे अधिकार देणाऱ्या ठरावाविरुद्ध दोन्ही सभागृहांत मिळून एकच मत पडलं, ते त्यांचं. त्या बाईंचं नाव टीव्हीवर किती वेळा ऐकलंत? २०२३ अखेर शिफ यांच्या खात्यात साडेतीन कोटी डॉलर होते आणि ली यांच्याकडे दहा लाखसुद्धा नाहीत. डाव, प्रतिडाव हे ज्यांना परवडतं त्यांच्यात चाललं होतं. ली तर त्या पटावरच नव्हत्या.

पोर्टर यांच्यावर क्रिप्टोवाल्यांच्या फेअरशेक या प्रचारनिधी गटाने एक कोटी डॉलरच्या आसपास खर्च केला, तोही विरोधात. जाहिरातींत क्रिप्टोचं नावही नाही. फ्रीमाँटकर, तुमच्या धाग्यात हे यायला हवं होतं. शिफ यांच्या जाहिरातीखाली निदान शिफ यांचं नाव तरी होतं.

आणि एक गोष्ट मला अजून सलते. १९९२ मध्ये फाइनस्टाइन आणि बार्बरा बॉक्सर एकाच दिवशी सिनेटवर निवडून आल्या. तेव्हापासून कॅलिफोर्नियाकडून सिनेटमध्ये कायम एक तरी बाई होती. शिफ आणि दुसऱ्या जागेवरचे ॲलेक्स पडिया यांच्यामुळे ते संपलं. दोघेही लायक आहेत, मी नाकारत नाही. पण दोन अनुभवी बायका रिंगणात असताना ते संपलं.

बदामबाग:

मी मोडेस्टोजवळ राहतो. आमच्या गल्लीत निम्मी घरं रिपब्लिकन. २०१६ मध्ये बॉक्सर यांची जागा मोकळी झाली तेव्हा नोव्हेंबरला कोण होतं? कमला हॅरिस आणि लोरेटा सँचेझ. दोघी डेमोक्रॅट. २०१८ ला फाइनस्टाइन आणि केव्हिन डी लिऑन. पुन्हा दोघं डेमोक्रॅट. माझा शेजारी, बदामाची बाग असलेला साठीचा माणूस, त्याने दोन्ही वेळा ती ओळ कोरी सोडली. मला दाखवून सोडली. त्याच्यासारखे किती असतील याचा अंदाज घ्यायचा तर २०१६ चे आकडे बघा: अध्यक्षपदासाठी या राज्यात १ कोटी ४१ लाखांवर मतं मोजली गेली आणि सिनेटसाठी १ कोटी २२ लाख. जवळपास वीस लाखांचा फरक.

२०२४ ला त्याला मत द्यायला माणूस मिळाला. गार्वींना नोव्हेंबरला ६३ लाख मतं पडली, ४१ टक्के. ते हरणार होते हे त्यालाही माहीत होतं. १९८८ मध्ये पीट विल्सन जिंकले, त्यानंतर इथून रिपब्लिकन सिनेटर निवडून आलेला नाही. पण हरणाऱ्याला मत देणं आणि मतच न देता येणं यात फरक आहे.

फ्रीमाँटकर, "निवडायला काही उरलं नव्हतं" असं तुम्ही लिहिता तेव्हा तुम्हाला निवड हवी असते ती तुमच्याच घरातल्या दोघांत. आम्हाला ती दोन वेळा दिली होती. आमच्या गल्लीला विचारा ती कशी वाटली.

सातारारोड:

मी तिकडचा नाही, लांबून बघतोय, पण वाचून आमची २०२४ ची लोकसभा आठवली. साताऱ्यात शशिकांत शिंदे यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस आणि एका अपक्षाला नुसती तुतारी, म्हणजे पिपाणी. अपक्षाला ३७ हजार मतं, आणि शिंदे पडले ३२ हजारांनी. कोणी घडवून आणलं की आपोआप घडलं ते बाजूला ठेवू. तिसऱ्याची मतं वर-खाली करून पहिल्या दोघांचा निकाल ठरतो, हे आम्हाला नवीन नाही. म्हणून मी फ्रीमाँटकरांच्या बाजूचा.

खडीसाखर:

@सातारारोड, तुलना पटत नाही. तिथे चिन्ह बघताना लोकांचा गोंधळ झाला, मत एकाला द्यायचं होतं आणि पडलं दुसऱ्याला. इथे गार्वींना मत देणाऱ्या प्रत्येकाला गार्वीच हवे होते. कोणाचंही मत चुकीच्या घरात गेलं नाही.

@मेरिटकाठ, फेअरशेकबद्दल शंभर टक्के सहमत. माझ्याही मनाला ते लागलं होतं.

@बदामबाग, हे कोणीतरी लिहायला हवं होतं. आभार.

आणखी एक मुद्दा, जो फोन करताना आम्ही आपसात बोलायचो. शिफ विरुद्ध पोर्टर असा नोव्हेंबर झाला असता तर कॅलिफोर्नियातल्या देणगीदारांचे कोट्यवधी डॉलर दोन डेमोक्रॅटांच्या भांडणात गेले असते. त्याच नोव्हेंबरला पक्षाने मोंटाना, ओहायो, पेनसिल्व्हेनियातल्या सिनेटच्या जागा गमावल्या. ते पैसे तिथे जाऊन निकाल फिरला असता असा माझा दावा नाही. पण ज्या जागेवर डेमोक्रॅट येणारच तिथे ते जाळणं मला चुकीचं वाटतं.

फ्रीमाँटकर:

उशिरा उत्तर देतोय, कारण खडीसाखर यांच्या "जुन्या पद्धतीतही हेच झालं असतं" या मुद्द्यावर दोन दिवस विचार करत होतो. नोव्हेंबरची जोडी तीच राहिली असती, हे मान्य. पण मार्च वेगळा असता. डेमोक्रॅटांच्या स्वतंत्र फेरीत शिफना पोर्टर आणि ली यांच्याशीच लढावं लागलं असतं. गाझातला युद्धविराम हा त्या तिघांतला खरा फरक होता. ली यांनी तो सुरुवातीपासून मागितला, शिफ यांनी नाही. त्यावर महिनाभर जाहीर वाद व्हायला हवा होता. त्याऐवजी आमच्या टीव्हीवर गार्वी. शिफ यांनी वादाचा विषयच बदलला, आणि नियमाने त्यांना ते करू दिलं.

बदामबाग, तुमची गल्ली मी लिहिताना विसरलो होतो. तो माझ्या मांडणीतला दोष आहे. त्यावर उपाय मात्र "दोनपैकी एक रिपब्लिकन यावा म्हणून डेमोक्रॅटाने पैसे खर्चावेत" हा नसावा. उद्या तसा सोयीचा हिशोब नसला की तुमचा शेजारी पुन्हा कोरी ओळ सोडणार.

हा नियम कोणालाही कुठेही चावतो. २०१२ ची सॅन बर्नार्डिनोकडची अमेरिकी प्रतिनिधीगृहाची जागा आठवा. ओबामांनी जिंकलेला मतदारसंघ, पण चार डेमोक्रॅटांत मतं फुटली आणि नोव्हेंबरला दोन रिपब्लिकन. तिथल्या डेमोक्रॅट मतदाराने काय करायचं होतं?

अलास्कात २०२२ पासून पहिले चार पुढे जातात आणि नोव्हेंबरला मतदार पसंतीक्रम लावतो; सगळ्यात मागचा बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. आपल्याकडे तसं असतं तर शिफ, गार्वी, पोर्टर, ली चौघंही नोव्हेंबरला असते. बदामबाग यांचा शेजारी गार्वींना पहिली पसंती देऊन मोकळा, आणि मेरिटकाठ यांना ली यांना एक आणि पोर्टर यांना दोन देता आलं असतं. चौघांत जागा असली की गार्वींना वर ढकलून पोर्टर यांना बाहेर काढण्याचा हिशोबच उरत नाही.

मेरिटकाठ:

चौघांत ली आल्या असत्या, तरी पैशाचं काय? आठ महिने आणखी प्रचार म्हणजे दहा लाखवाल्या उमेदवाराला आठ महिने आणखी उपास. मला अलास्का आवडतं, पण आधी फेअरशेकसारख्या खर्चाला लगाम हवा. आणि तो राज्याच्या हातात फारसा नाही.

खडीसाखर:

पसंतीक्रम लावूनही शिफच आले असते असं मला वाटतं. फ्रीमाँटकर, तुम्हालाही वाटत असणार. त्यामुळे हा वाद शिफ यांच्यावरून नियमावर आला हे मला बरं वाटलं, मूळ शीर्षकात मात्र बोट त्यांच्याकडे आहे. उमेदवाराने आहे त्या नियमात जिंकायला बघावं. पोर्टर यांनी निकालानंतर "रिग्ड" हा शब्द वापरला आणि पुढे स्वतःच म्हणाल्या की दुसरा शब्द वापरायला हवा होता. तो शब्द कानावर पडला तेव्हा माझ्या फोनच्या यादीतले लोक मला विचारत होते, म्हणजे आमची मतं नीट मोजली नाहीत का? मतमोजणीवरचा विश्वास असा सैल करणं मला त्या जाहिरातींपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं.

पहिल्या चौघांच्या पद्धतीला माझा विरोध नाही. पण अलास्कातही २०२४ मध्ये ती रद्द करण्याचा प्रस्ताव हजाराच्या आत मतांनी पडला. म्हणजे तिथल्या निम्म्या लोकांना ती नको होती. का नको होती हे आधी समजून घ्यावं.

बदामबाग:

मी सांगतो का. माझ्या शेजाऱ्याला पसंतीक्रम म्हटलं की शंका येते, आपलं मत शेवटी भलत्याच्याच खात्यात जातं का अशी. त्याला कागदावर चार नावं लिहून, खालचं नाव खोडून, हाताने मोजून दाखवलं तेव्हा कुठे ऐकून घेतलं. अर्धा तास गेला. एका माणसाला अर्धा तास.

प्रस्ताव १४ सुद्धा कोणी चळवळ करून आला नव्हता. २००९ मध्ये राज्याचं अंदाजपत्रक अडलं होतं, तेव्हा राज्याच्या सिनेटमधले रिपब्लिकन मॅल्डोनाडो यांनी आपल्या मताच्या बदल्यात तो मतपत्रिकेवर घालून घेतला. आता बदलायचा तर तशी अडवणूक तरी हवी, नाहीतर राज्यघटना दुरुस्तीच्या सह्या. २०२२ च्या गव्हर्नर निवडणुकीतल्या मतांच्या आठ टक्के, म्हणजे पावणेनऊ लाखांच्या आसपास.

फ्रीमाँटकर:

पावणेनऊ लाख वाचून आईला सांगितलं. ती म्हणाली, पहिली सही माझी घे.

तिने मार्चमध्ये दोन्ही याद्यांत ली यांना मत दिलं होतं. नोव्हेंबरला शिफ. लिफाफ्यावर सही करताना हात थरथरला, म्हणून शेजारी ठेवलेल्या कोऱ्या कागदावर तिने आधी तीनदा सही करून पाहिली होती, जुळली नाही तर मत बाद होईल या भीतीने.

इथल्या रविवारच्या भाजीबाजारात मी उभा राहायला तयार आहे. मोडेस्टोत कोण?

बदामबाग:

मोडेस्टोत मी. पण मसुदा लिहाल तेव्हा चार नावं कागदावर खोडून मोजायचा तो हिशोब पहिल्या पानावर छापा. शेजारी म्हणालाय, ते पान असेल तरच सही करेन.