मदत हवी आहे : चटणीच्या प्रत्येक घाण्याला माल कमी भरतोय

तिखटजाळ :
कांदा-लसूण चटणीचा घरगुती धंदा आहे, कोल्हापुरातच. दर घाण्याला माल कमी भरतोय. १०० किलो मिरचीमागं १२ किलोच्या आसपास गायब. गेल्या साली असं नव्हतं. कॅमेरे लावा म्हणून सांगू नका, लावलेत. काटा पण नवीन आहे. सीझन सुरू आहे, लवकर सांगा.

उद्यमनगरी :
कमी म्हणजे कशापेक्षा कमी? काय धरून हिशेब करता?

तिखटजाळ :
जेवढं घातलं तेवढं निघायला पाहिजे की. मिरची, खोबरं, तीळ, धणे, लसूण, मीठ, सगळ्याची बेरीज.

रंकाळ्याचा_वारा :
कॅमेरा कुठं लावलाय ते सांगा आधी. दुकानात लावून उपयोग नाही, पॅकिंगच्या टेबलावर लावा. माझ्या मेहुण्याच्या बेकरीत असंच चाललं होतं, आठवड्यात माणूस सापडला.

गंगावेस_मावशी :
कामाच्या बायकांवर चोरीचा संशय घ्यायच्या आधी एवढं सांगा, मिरचीला ऊन देता का? देठं कोण काढतं? कांदा ओला आणता की वाळवलेला? ओल्या कांद्यात शंभरातलं ८५-८६ तर पाणीच असतं, तो बेरजेत धरला असाल तर विषयच संपला.

तिखटजाळ :
कांदा वाळवलेलाच घेतो मावशी. मिरचीला दोन उन्हं देतो, मग देठं काढून डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या यंत्रावर. सगळेच असं करतात, यात नवीन काय?

उद्यमनगरी :
अहो मग घट धरा की! आमच्या फौंड्रीत वितळणीची घट धरल्याशिवाय कोण दर काढत नाही. तुमचं पाणी उन्हात गेलं आणि देठ कचऱ्यात, तरी बेरीज पहिल्या वजनाची धरताय. बिलावरचं वजन, बारदान काढून निव्वळ, ऊन दिल्यावर, देठ काढल्यावर, डंकावरून आल्यावर : प्रत्येक टप्प्याला काट्यावर घ्या आणि भिंतीवर खडूनं लिहा. वही नको, वही हरवते.

हिशेबनीस :
खडू कशाला, मोबाईलवर स्टॉकचं ॲप फुकट मिळतं. आणि पाऊचचं वजन वजा करता का? तिथंच माल जात असणार.

गंगावेस_मावशी :
उलटं सांगताय. पाऊचसकट २०० ग्रॅम भरले तर चटणी कमी जाते, म्हणजे माल शिल्लक राहायला पाहिजे. कमी पडतोय याचा अर्थ हात सैल आहे. चमच्यानं भरताना २०५, २०६ होतंच. पाचशे पाकिटांत अडीच-तीन किलो असेच जातात. १० पाकिटं उचलून तोला.

हिशेबनीस :
बरोबर आहे ताई. पण ॲप घ्याच.

कायद्याचं_बोला :
इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करून शिक्का घ्यावा लागतो. नवीन काटा असला तरी शिक्का आहे का बघा.

झणझणीत :
ते राहू दे. संकेश्वरी वापरता की नुसती ब्याडगी? नुसत्या ब्याडगीच्या चटणीला रंग येतो, तिखटपणा नाही. तांबड्या रश्श्याला संकेश्वरीच पाहिजे भावा.

रंकाळ्याचा_वारा :
लवंगी विसरलास.

तिखटजाळ :
अहो, रश्श्याचा धागा वेगळा काढा. आज एक पोतं तोलत गेलो. बिलावर ५० किलो. बारदान काढून ४९.३. दोन उन्हं दिल्यावर ४६.८. देठं काढून ४४.१. डंकाचं अजून व्हायचंय. पाकिटं २०३ ते २०७ निघाली.

उद्यमनगरी :
बघा, डंकावर जायच्या आधीच पोत्यामागं ५.९ किलो. शंभराला ११.८. तुमचे १२ किलो इथंच सापडले, पाकिटांतलं वर वेगळं. ७०० ग्रॅम बारदानाचं व्यापाऱ्याकडून वजा करून घ्या. पण गेल्या साली का नव्हतं? काय बदललं?

तिखटजाळ :
काही नाही. तोच डंक, त्याच बायका. मिरची तेवढी यंदा देठाची घेतली. गेल्या साली बिनदेठाची यायची.

गंगावेस_मावशी :
हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं हो! किती स्वस्त मिळाली?

तिखटजाळ :
बिनदेठाची २२०, देठाची २०५. पंधरा रुपये वाचतात की किलोमागं. देठ काढायची मजुरी किलोला १०.

गंगावेस_मावशी :
कुठं वाचतात? २०५ आणि मजुरी १०, झाले २१५. त्यात शंभराला सहा किलो देठ गेलं, म्हणजे किलो पडली २२८ च्या वर. उन्हाची घट दोन्हीला सारखीच. बिनदेठाचीपेक्षा आठ रुपये महागच घेतलीत.

रंकाळ्याचा_वारा :
तरी पॅकिंगच्या टेबलावर एक कॅमेरा असावाच.

तिखटजाळ :
चार पोती अजून देठाचीच पडलीत. व्यापारी परत घेईना.

उद्यमनगरी :
तुम्हीच बघून घेतलीत, तो कशाला परत घेईल. वापरून टाका, पण या घाण्यांचा दर काढताना मिरची २०५ नं नको, २२८ नं धरा, आणि उन्हाची घट त्यावर वेगळी.