मदत हवी आहे: गाडीच्या किल्लीतली सोल्डर केलेली चार्जिंगची बॅटरी

मंडळी, गाडी बीएमडब्ल्यू ई४६, किल्ली हिऱ्याच्या आकाराची. इग्निशनमध्ये फिरवली की गाडी व्यवस्थित सुरू होते, कारण इमोबिलायझरची (चोरी रोखणारी) चिप बॅटरीवर चालत नाही. फक्त रिमोटने दारं उघडत नाहीत. रिमोटची गाडीशी जोडणी नव्याने करून पाहिली, उपयोग शून्य. दुसरी किल्ली नाही, त्यामुळे जपून काम करायचंय.

कव्हर चिकटवलेलं आहे. ब्लेडने कडेकडेने कापून उघडलं. आत व्हीएल२०२० सेल, २० मिमी व्यासाचा, पत्र्याच्या दोन पायांनी सर्किटला सोल्डर केलेला. मीटरवर १ व्होल्टही दाखवत नाही. किल्ली इग्निशनमध्ये असताना तो चार्ज होतो, म्हणून साधा सीआर२०३२ चालणार नाही. तो चार्जिंगचा नाही. कृपया तो सुचवू नका.

पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत विचारलं. पाय असलेला व्हीएल२०२० मिळाला नाही. एका ठिकाणी एमएल२०२० (त्याच मापाचा, चार्जिंगचाच पण वेगळ्या प्रकारचा सेल) मागवून देतो म्हणाले, पण बिनपायाचा. सेलवर थेट सोल्डरिंग आयर्न टेकवायला माझं मन धजत नाही, उष्णतेने सेल जातो. शिवाय एमएलला चार्जिंगचा व्होल्टेज व्हीएलपेक्षा कमी लागतो, म्हणजे या किल्लीतला त्याला जास्त पडेल, खरी काळजी तिथेच आहे.

नवीन किल्लीचा खर्च सध्या नको. सोल्डरिंग मला येतं.

तर, या किल्लीत एमएल२०२० बसवून कुणी वर्षभर तरी वापरलाय का? फुगला, गळला का? आणि पाय स्पॉट वेल्डिंगने लावलेला व्हीएल२०२० पुण्यात नक्की कुठे मिळेल?