हायब्रिड गाडीचा चेक इंजिनचा दिवा परत परत लागतो : तुमचे अनुभव लिहा

पुणे
आमच्या पेट्रोल हायब्रिडला डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागतो, सर्व्हिस सेंटरवाले कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) उडवून देतात, आठवडाभरात दिवा परत हजर. कोड दरवेळी तोच, पी०४२०. आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग, थोडक्यात कॅट) बदला म्हणतात, आणि किंमत ऐकूनच धडकी भरली आहे. असा हट्टी दिवा ज्यांनी सोसलाय त्यांनी इथे लिहा. कोड कोणता, दिवा लागला तेव्हा गाडी कशी चालत होती आणि शेवटी नेमकं काय निघालं. शेवट नक्की लिहा. कोडांचे अर्थ कुठेही मिळतात, शेवट कुणी सांगत नाही.

ठाणे
ताई, कॅट बदलायची घाई करू नका. माझाही कोड हाच होता. कॅटच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघून कॉम्प्युटरला कॅट कमी पडतोय असं वाटलं, एवढाच पी०४२०चा अर्थ. कॅट संपलाय, सेन्सर चुकतोय की पाइपात बाहेरची हवा शिरतेय, हे तो सांगत नाही.

आमच्या मेकॅनिकने स्कॅनरवर मागच्या सेन्सरचा आलेख लावला. कॅट धड असेल तर ती रेघ बऱ्यापैकी स्थिर असते. आमची रेघ इंजिन गार असताना मधेच खाली पडायची, तापल्यावर सरळ व्हायची. त्यावरून त्याला एक्झॉस्टच्या जोडाचा संशय आला. धातू तापून फुगला की बारीक फट आपोआप बुजते, म्हणून गरम गाडी दाखवायला नेली की काहीच सापडत नाही.

पण हायब्रिड उभी केली की इंजिन बंद, मग गळती शोधायची कशी? यासाठी गाडी मेंटेनन्स मोडमध्ये टाकतात, म्हणजे इंजिन चालू राहतं. ती टाकायची रीत प्रत्येक मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. रात्रभर गाडी तिथेच ठेवली, सकाळी रॅम्पवर घेतली, इंजिन चालू करून लगेच फ्लँजवर, म्हणजे पाइपाच्या जोडावर, साबणाचं पाणी मारलं. जोडातल्या गॅस्केटच्या (सीलच्या) एका कडेला बुडबुडे आले. टॉर्च धरली तर तिथेच काजळीचा केसाएवढा काळा ओरखडा. नवं गॅस्केट आणि बोल्ट, एवढ्यावर भागलं. तो कोड त्यानंतर आलेला नाही.

पुणे
दादा, खूप आभार! हे कुणीच सांगितलं नव्हतं. एक विचारते, बिघाड कायमचा असेल तर कोड उडवल्यावर दिवा त्याच दिवशी का लागत नाही?

पिंपरी
मी याच कामात आहे म्हणून लिहितो. कॅटची तपासणी गाडी सतत करत नाही. इंजिन पुरेसं तापलेलं हवं, वेग थोडा वेळ एकसारखा हवा, अशा अटी जुळल्या तरच करते. पहिल्यांदा नापास झाली की कोड नुसता पेंडिंग राहतो, पुढच्या फेरीतही नापास झाली तर दिवा लागतो. हायब्रिड शहरात बराच वेळ बॅटरीवर चालते, त्यामुळे या अटी जुळायलाच दिवस जातात. दिवा विझला म्हणजे गाडी बरी झाली, असं म्हणूनच धरू नका.

आणि कोड उडवण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढायला सांगा, अगदी हट्टाने. कोड पडला त्या क्षणाचं इंजिनाचं तापमान, आरपीएम, वेग, लोड असं सगळं त्यात साठवलेलं असतं. कोड उडवला की तेही पुसलं जातं. वारंवार लागणाऱ्या दिव्याचा सगळ्यात मोठा पुरावा दरवेळी असा आपल्याच हाताने फेकला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

सॅन होजे, कॅलिफोर्निया
आमच्या जुन्या हायब्रिडचा कॅट चोरांनी रातोरात कापून नेला. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, म्हणून हायब्रिडवर त्यांचा डोळा. एका गॅरेजने स्वस्तातला बसवला आणि तेव्हापासून पी०४२०. मौल्यवान धातू कमी घातलेला कॅट नवाकोरा असूनही नापास होतो. इथे तर राज्याच्या हवा मंडळाची मंजुरी असलेलाच लागतो, त्याच्या कवचावर मंजुरीचा क्रमांक असतो. तो बसवल्यावर थांबलं.

स्मॉग चेकच्या (इथली सक्तीची धूर तपासणी) तोंडावर कोड उडवू नका. रेडिनेस मॉनिटरही (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्याच्या नोंदी) पुसले जातात, आणि २००० व त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना इंधनवाफेचा एकच मॉनिटर अपूर्ण असलेला चालतो. अमेरिकेतल्या मंडळींनी वयही तपासा. कॅट आणि इंजिन कॉम्प्युटरवर फेडरल कायद्याने ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांची वॉरंटी असते, त्यातलं जे आधी संपेल ते.

चिपळूण
आमच्याकडे उंदीर. पावसाळ्यात बॉनेटखाली येऊन बसतात. एका सेन्सरच्या वायरचं वरचं आवरण कुरतडलं होतं, आतली तार शाबूत. खड्ड्यातून गेलं की दिवा लागायचा. गाडी चालू ठेवून वायरिंग हाताने हळूच हलवून बघितल्यावर सापडलं. हे फक्त १२ व्होल्टच्या वायरिंगचं सांगतोय. नारिंगी केबलला हात लावायचा नाही, ती हाय व्होल्टेजची असते.

नाशिक
पी०ए८०, म्हणजे हायब्रिड बॅटरी. मागच्या सीटजवळच्या जाळीतून बॅटरीला गार हवा मिळते. आमचा कुत्रा तिथेच बसतो, पंखा केसांनी गच्च भरलेला. पंखा साफ केला तरी कोड आला, कारण तापून तापून बॅटरीतली काही मॉड्यूल (सेलचे गट) आधीच कमजोर झाली होती. बॅटरी बदलावीच लागली. ज्यांच्या गाडीला अजून काही झालेलं नाही त्यांनी ती जाळी आजच बघा.

नागपूर
पी०३००, मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं. सकाळी पहिल्यांदा इंजिन चालू झालं की गाडी थरथरायची, मिनिटभरात शांत. प्लग बदलले, कॉइल बदलल्या, दिवा येतच राहिला. कूलंटची पातळी मात्र हळूहळू उतरत होती आणि जमिनीवर एक थेंब नाही. प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला तेव्हा तीन पिस्टनांवर काळा कार्बन, चौथ्याचा माथा धुतल्यासारखा लख्ख. कूलंट तिथे आत शिरून वाफ होत होता. हेड गॅस्केट गेलं होतं. ईजीआर कूलरही (इंजिनात परत जाणारा धूर गार करणारा भाग) काजळीने तुंबलेला निघाला, तोही त्याच वेळी साफ करून घेतला. तुमचा दिवा नुसता लागत नसून लुकलुकत असेल तर गाडी पुढे दामटू नका. मिसफायरमधलं न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि चांगला कॅटही जातो.