सातारा जिल्ह्याची पक्ष्यांची वर्षयादी: फेब्रुवारी ते मे, कोणती फेरी कधी मारावी?

कोरेगावकर

नमस्कार मंडळी. १ जानेवारीपासून सातारा जिल्ह्याची वर्षयादी, म्हणजे वर्षभरात जिल्ह्यात दिसलेल्या पक्ष्यांच्या जातींची यादी ठेवतोय. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर आज ११२ जाती झाल्यात. बहुतेक कृष्णाकाठ, संगम माहुली, उसाचे फड आणि कोरेगावच्या आसपासच्या टेकड्यांवरच्या.

वेल्समधल्या पक्षीनिरीक्षकांच्या याद्या पाहिल्या तर त्यांचा सगळा जोर वसंतावर असतो. मार्चच्या मध्यावर व्हीटिअर आणि चिफचॅफ, एप्रिलमध्ये स्वॉलो, कक्कू, ओकच्या रानातला पाइड फ्लायकॅचर, मे लागला की स्विफ्ट. दर आठवड्याला नवी भर. तसं वेळापत्रक आपल्या जिल्ह्याला बसवता येईल का?

हाताशी फक्त रविवार, दुचाकी आणि ८×४२ ची दुर्बीण. स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची लांब पल्ल्याची दुर्बीण) नाही. आधी मायणीचा तलाव करावा की कोयनेचं रान? भोवत्या (हॅरिअर, माळावरचा शिकारी पक्षी) आणि पखुर्डी (सँडग्राउस) कशा गाठायच्या? आणि नुसता आवाज ऐकलेला पक्षी यादीत धरावा का?

येरळाकाठ

वेल्सचं वेळापत्रक इथं उलटं लावावं लागतं. तिकडं वसंत म्हणजे पाहुणे येण्याचे दिवस, आपल्याकडं ते पाहुणे निघून जाण्याचे. माळभिंगरीच घ्या. हीच जात वेल्समध्ये एप्रिलला दक्षिण आफ्रिकेहून पोचते आणि त्याच एप्रिलमध्ये आपल्या तारांवरून नाहीशी होते. आपल्या भिंगऱ्या वेल्सला जात नाहीत, त्या उत्तरेकडं हिमालय आणि आशियात जातात. म्हणून यादी आखताना "कोण येणार" हा प्रश्न मेपर्यंत बाजूला ठेवा. आधी "कोण जाणार" ते बघा. शिंजीर, कुर्टुक, धनेश ही घाटातली मंडळी बारमाही आहेत, ती जूनमध्येही सापडतील. चक्रवाक बदक मात्र एप्रिलमध्ये सापडेलच असं नाही.

तेव्हा पहिले तीन रविवार खटाव तालुक्याला द्या. कोरेगाव, पुसेगाव, वडूज असं येऊन आधी येरळवाडी, मग मायणी. पट्टकादंब सगळ्यांत आधी हलतात, मार्चच्या मध्यानंतर त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. चक्रवाक आणि तलवार बदक त्यांच्या मागोमाग जातात. थापट्या आणि भुवई बदक एप्रिलपर्यंत रेंगाळतात. परतीच्या वाटेवर असल्यामुळं भुवई बदकं मार्चमध्ये उलट वाढलेली दिसतात. फ्लेमिंगोचं सगळं पाण्याच्या खोलीवर आहे. पाणी उथळ असेल तर उतरतील, तलाव भरलेला असेल तर वाट बघण्यात वेळ घालवू नका.

स्कोप नसेल तर तळ्यावरची सगळी कमाई बसण्यात आहे. सकाळी पूर्वेच्या काठावर जा, म्हणजे सूर्य पाठीशी राहील. बांधावरून उभ्यानं चालत गेलात की बदकं थेट मधल्या पाण्यात जातात आणि ८×४२ मधून तिथं नुसते ठिपके दिसतात. बाभळीच्या सावलीला खाली बसा आणि वीस-पंचवीस मिनिटं हलू नका. बदकं आपोआप काठाकडं सरकतात. मार्चमध्ये साडेनऊनंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते, मग शंभर मीटरपलीकडच्या पक्ष्याची ओळख चुकणारच. त्याआधी बदकं उरकून घ्या.

भुवई बदकाची मादी आणि चक्रांगाची मादी यांत बहुतेकांचा घोळ होतो. चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका आणि गालावर ठळक पट्टे असतील तर भुवई. चक्रांगाचा चेहरा त्या मानानं सपाट, आणि शेपटीच्या बुडाशी बाजूला एक फिकट रेघ असते.

एप्रिलमध्ये पुन्हा एकदा या. पाणी मागं हटून चिखल उघडा पडतो आणि छोटा टिलवा, ठिपकेवाला तुतवार, रफ हे चिखलातले पक्षी विणीच्या रंगात यायला लागलेले दिसतात. पिवळे धोबीही याच सुमारास ओळखू येतात. कुणाचं डोकं राखी, कुणाचं काळं. या सगळ्या एकाच जातीच्या उपजाती आहेत, यादीत आकडा एकच धरा. पिवळ्या डोक्याचा धोबी मात्र वेगळी जात. त्याच्या पंखावर दोन रुंद पांढरे पट्टे असतात, ते बघितल्याशिवाय नोंद करू नका.

माणदेशी माळ

येरळाकाठ यांच्याशी सहमत, पण त्या तीन रविवारांतले दुपारनंतरचे तास माळाला द्या. भोवत्यासाठी वेगळी फेरी लागत नाही. दिवसभर हिंडणारे भोवत्ये संध्याकाळी गवताळ माळावर एकत्र मुक्कामाला उतरतात. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी माळाच्या कडेला, दोनशे मीटर तरी लांब, पश्चिमेकडं पाठ करून उभे राहा. ते खालून, गवताला घासून येतात, म्हणून नजर आकाशात नको. गवतात शिरू नका. एकदा बिथरले की मुक्कामाची जागा सोडतात.

नर सोपा आहे. मोंटागू भोवत्याच्या नराच्या पंखावर वरून एक काळी आडवी रेघ असते, पांढुरक्या भोवत्याच्या नराला फक्त टोकाशी काळी पाचर असते. मादीसाठी मान बघा. कानाच्या काळपट डागामागं फिकट कॉलर स्पष्ट असेल तर पांढुरका, नसेल तर मोंटागू. मान दिसली नाही तर "मोंटागू/पांढुरका" अशी दुहेरी नोंद करा. तिनं वर्षयादीचा आकडा वाढत नाही, पण नोंद खरी राहते. मार्च संपता संपता हे निघालेले असतात.

शाळूची काढणी व्हायच्या आत भारीट उरका. खटाव-माणमध्ये फेब्रुवारी-मार्चला शाळू उभा असतो, तोवर काळ्या आणि लाल डोक्याच्या भारीटांचे थवे कणसांवर असतात. कापणी झाली, मळणी झाली की थवे पांगतात. एप्रिलमध्ये त्याच शेतात एकही मिळणार नाही. सकाळी उन्हं पडताना शेताच्या कडेच्या बाभळीवर ते अंग शेकायला बसतात, तेव्हाच नीट बघून घ्या. काळं डोकं आणि तांबूस पाठ एकाची, तांबडं डोकं आणि हिरवट पाठ दुसऱ्याची. माद्या सोडून द्या, या दोन जातींच्या माद्या शेतातून वेगळ्या काढणं फार अवघड.

पखुर्डीसाठी माळावर पायपीट करू नका, पाणी शोधा. ती दिवसभर दगडागोट्यांत अशी बसते की पाच पावलांवरून उडेपर्यंत दिसत नाही. पण दाणे खाणारा पक्षी, त्यामुळं पाण्यावर आल्याशिवाय तिचं भागत नाही. तांबूस पोटाची पखुर्डी सूर्योदयानंतर दोन-तीन तासांनी, साधारण नऊच्या सुमारास थव्यानं येते. आधी आवाज येतो, मग टोकदार शेपटीचे पक्षी सरळ रेषेत झपाट्यानं येताना दिसतात. रंगीत पखुर्डीची वेळ वेगळी. ती सूर्य बुडाल्यावर, जवळजवळ अंधारात येते आणि तिच्या शेपटीला टोक नसतं. त्यामुळं सकाळी कितीही बसलात तरी तुमचा आशाभंग ठरलेला. उघड्या काठाचा छोटा पाझर तलाव निवडा. काठाला झुडपं असतील तर पखुर्डी उतरायला बिचकते. तुम्ही पन्नास-साठ मीटरवर बांधाआड बसा. नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून पिलांना पाणी नेतो. असा पाण्यात बसलेला नर दिसला तर जागेवरून उठू नका, तो उडाला की पिलं तहानेली राहतात.

धाविक आणि माळटिटवी यांची वीण मार्च ते मेमध्ये उघड्या जमिनीवर होते. अंडी खड्यांसारखीच दिसतात. दुचाकी माळात घालू नका, गाडीवाट सोडून एक चाकही नको. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की आल्या पावली मागं फिरा. भर उन्हात तिला दहा मिनिटं उठवून ठेवलं तर अंडी उकडून निघतात. घरट्याचा फोटो आणि नेमकी जागा कुठंही टाकू नका.

हेळवाक

घाटाची फेरी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यानंतर ठेवा. त्याआधी एक अपवाद करा. मार्चमध्ये पांगारा आणि काटेसावर फुललेली असताना पाटण किंवा वाईच्या बाजूला एक सकाळ फक्त एका झाडाखाली काढा. भोरड्या, हळद्या, पर्णपक्षी, शिंजीर सगळे आळीपाळीनं येतात. भोरड्या एप्रिल संपायच्या आत जातात.

पर्णवटवटे, लाल कंठाचा माशीमार, निळ्या टोपीचा कस्तूर हेही एप्रिलअखेर निघतात. हिरवट वटवट्या आणि हिरवा वटवट्या दुर्बिणीतून वेगळे करायच्या भानगडीत पडू नका. आवाज ऐका. हिरवट "चि-वी" असं दोन तुकड्यांत बोलतो, हिरवा "चि-रि-वी" असं तीन तुकड्यांत. दोन्ही घाटात असतात आणि दोन्ही पानांतून खाली उतरत नाहीत.

यावरून तुमचा तिसरा प्रश्न. ऐकलेला पक्षी यादीत धरतात, ई-बर्डही धरतं. फक्त ओळख तुमच्या कानाची हवी. मर्लिन या आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या ॲपनं नाव दाखवलं म्हणून टिक करायची नाही. कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, भृंगराज आणि पर्णपक्षी तर एका दमात चार-पाच पक्षी वाजवतात, आणि मर्लिन तितकी नावं पाडून मोकळं होतं. आवाज एकाच फांदीवरून लागोपाठ बदलत असेल तर नक्कल समजा. मोबाइलवर किमान एक मिनिट रेकॉर्ड करून ठेवा, नोंद तपासणारे विचारतात तेव्हा तेच कामी येतं. आवाज वाजवून पक्षी बोलावणं विणीच्या काळात पूर्ण टाळा. नर हद्द राखायला सारखा समोर येतो, आणि तेवढा वेळ त्याचं खाणं आणि घरटं दोन्ही वाऱ्यावर.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोयनानगर-नवजा किंवा महाबळेश्वरच्या पॉइंटांकडं जाणारे रस्ते. मेमध्ये सहालाच उजाडतं, म्हणून पावणेसहाला जागेवर हवं. शीळकरी कस्तूर ओढ्याकाठी पहाटेच शीळ घालतो, रमतगमत, कुणीतरी चाल आठवत चालल्यासारखी, आणि उन्हं वर आली की गप्प होतो. मलबारी राखी धनेश उंबर-वडाच्या पिकल्या फळांवर मिळतो. त्याचं खरखरीत हसणं आधी कानावर येतं, मग झाड शोधा. निलगिरी रानपारवा महाबळेश्वरच्या दाट रानात फळांच्या झाडावर निवांत बसलेला असतो. विगर्सच्या शिंजिरासाठी फुललेलं बांडगूळ बघा. धनेश, रानपारवा आणि हा शिंजीर या तिन्ही सह्याद्रीच्या प्रदेशनिष्ठ जाती, म्हणजे दुसरीकडं कुठं न आढळणाऱ्या. मेचा दुसरा शनिवार जागतिक पक्षीगणनेचा असतो, त्या दिवशी जमलं तर नोंदीचाही उपयोग होईल.

दुपारी तीन ते पाच सावलीतल्या पाणवठ्यावर बसा. दहा-पंधरा मीटरवर, पाठ झाडाला, अंगात मळखाऊ कपडे. पाचू कवडा आणि नारिंगी डोक्याचा कस्तूर पाण्यावर सहज दिसतात, एरवी पाचोळ्यात नजरेला लागत नाहीत. अभयारण्याच्या आत पायी जायचं असेल तर वन्यजीव विभागाची परवानगी आधी काढून ठेवा, ऐन वेळी फाटकावर खोळंबा होतो.

कृष्णा-वारणा

सांगलीहून एक सूचना. राजेवाडी तलावाचं पाणी माण आणि आटपाडीच्या हद्दीवर आहे. चांदोलीत तर सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी असे चार जिल्हे लागतात. ई-बर्ड जिल्हा ठरवतं तो नोंदीच्या ठिकाणावरून. हद्द ओलांडली की चालू यादी बंद करून नवी सुरू करा. नाहीतर पुढच्या किनाऱ्यावरचे पक्षी चुकीच्या जिल्ह्यात जमा होतात आणि वर्षअखेर एकेक यादी उघडून सोडवावी लागते. दुचाकीवरून मायणी ते वडूज अशी एकच लांबलचक नोंदही करू नका. प्रत्येक थांब्याची वेगळी यादी, पायी फिरलात तर दोन-तीन किलोमीटरच्या आत.

कोरेगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे फेब्रुवारी ते मार्चचा मध्य खटाव-माण, मार्चअखेर पांगारा, एप्रिलमध्ये चिखल आणि मग घाट. एक विचारायचं राहिलं. नव्यानं येणारं कुणीच नाही का मग? नवरंग आणि चातक मेमध्ये धरता येतील?

हेळवाक

येतात, पण शेवटी. नवरंग मेच्या उत्तरार्धात सह्याद्रीत पोचतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला ओढ्याच्या झाडीतून दोन सुरांची स्वच्छ शीळ येते, "व्हीट-ट्यू". रात्रीचा प्रवास करून दमलेला नवरंग कधीकधी गावातल्या अंगणात, बागेतही उतरतो, म्हणून मेअखेरीस घराच्या आसपासही कान उघडा ठेवा. असा पक्षी भिंतीला किंवा काचेला थडकून पडलेला दिसला तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. तासाभरात सावरला तर संध्याकाळी झाडीजवळ सोडा, नाहीतर वनविभागाला कळवा.

चातकासाठी मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचा पहिला. तो नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो. सातभाईंच्या टोळीमागं राहा, त्यांच्या घरट्यात तो अंडी घालतो. काळ्या-पांढऱ्या पंखावरचा पांढरा डाग उडताना लांबून दिसतो. पावशाची वाट मात्र बघायची गरज नाही, तो मार्चपासूनच "पेरते व्हा" सुरू करतो.